वतन तेच, वतनदार नवा : १६२८च्या एका नियमपुस्तकाची पार्श्वभूमी

लिस्बनमध्ये १६२८ साली छापलेल्या या दुर्मीळ पुस्तकाचं नाव मराठीत आणायचं तर असं होईल : ‘आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या संघातील काव्हालेरु आणि फ्रेइर यांचे नियम व घटना, सोबत त्या संघाच्या उगमाचा इतिहास’. नियमांचं पुस्तक आहे, मग त्यात इतिहास कशाला? उत्तर साधं आहे. पोर्तुगालच्या या लष्करी धर्मसंघाच्या, म्हणजे ख्रिस्त-संघाच्या, ताब्यात अफाट मिळकत होती, आणि मिळकत म्हटली की मूळपुरुष कोण हे सांगावंच लागतं. आपल्याकडच्या कैफियती आणि करीने वाचलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

मूळपुरुषाचीच तर भानगड आहे. या पुस्तकाचा विषय निघाला की बोलणं दोन मिनिटांत टेंप्लरांवर, म्हणजे धर्मयुद्धांच्या काळातल्या लढवय्या संन्याशांच्या संघावर, जातं आणि ख्रिस्त-संघ म्हणजे नाव बदलून राहिलेले टेंप्लरच, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. कागद काय म्हणतात? टेंप्लरांचा संघ पोपने १३१२ साली मोडला. मे महिन्यातल्या दुसऱ्या फर्मानाने त्यांची मालमत्ता सेंट जॉनच्या संघाला, म्हणजे तशाच दुसऱ्या लष्करी संघाला, दिली, पण पोर्तुगालसकट इबेरियातली राज्यं त्यातून वगळली. पोर्तुगालच्या राजाने जमिनी आणि किल्ले हातचे जाऊ दिले नाहीत. रोमच्या दरबारी वर्षानुवर्षं वकिली चालली आणि १४ मार्च १३१९ रोजी नव्या संघाची सनद निघाली.

‘नव्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. संघाचं नाव नवं. नियमावली टेंप्लरांची नव्हे, सिस्टर्शियन या मठवासी पंथाच्या वळणाची, स्पेनमधल्या कालात्राव्हाच्या लष्करी संघाची. देखरेख आल्कोबासाच्या सिस्टर्शियन मठाधिपतीकडे. पहिला महास्वामी टेंप्लर नव्हता, तो आव्हिशच्या, म्हणजे दुसऱ्या एका पोर्तुगीज लष्करी, संघातून आणला होता. ठाणंसुद्धा टेंप्लरांच्या तोमारला नाही, तर दक्षिणेच्या टोकाला, कास्त्रु मारींला. दुसऱ्या बाजूचे पुरावेही कमी नाहीत : जमिनी टेंप्लरांच्या, जुन्या संघातली बरीच माणसं नव्यात आली आणि चाळीसेक वर्षांत ठाणं पुन्हा तोमारच्या त्याच जुन्या टेंप्लर गढीत गेलं. तरीही दत्तकविधान झालेलं नसताना मुलगा म्हणवून घेण्यातला हा प्रकार आहे. वतन तेच राहिलं, वतनदार बदलला, एवढंच कागदावरून म्हणता येतं. बाकीचं कादंबऱ्यांना लागतं.

शीर्षकातले दोन शब्दही दमवतात. काव्हालेरु म्हणजे सरदार, घोडेस्वार. फ्रेइर म्हणजे शब्दशः ‘बंधू’, म्हणून त्याचं भाषांतर सरसकट ‘साधू’ असं केलं जातं. पण भिक्षेकरी संन्याशाला पोर्तुगीजमध्ये ‘फ्राद’ म्हणतात. फ्रेइर हा लष्करी संघाचा माणूस, आणि सुरुवातीला हातात तलवार घेणाराही फ्रेइरच होता. १४९६ साली पोपने सरदारांना लग्नाची मुभा दिली. १५२९मध्ये राजाने तोमारच्या मठाची शिस्त कडक करून तिथल्या पुरोहितांना चार भिंतींच्या आत बसवलं. तेव्हापासून एकाच संघात दोन जाती झाल्या : आत फ्रेइर, बाहेर बायकामुलांत राहणारे काव्हालेरु. शीर्षकातलं ‘आणि’ ते हेच.

बाहेरच्यांना ओढ होती ती ‘हाबितु’ची. हाबितु म्हणजे खरं तर मठातला झगा. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ झाला छातीवरचा क्रूस, आणि नशीब असेल तर सोबत एखादी ‘कमेंदा’, म्हणजे ठरावीक गावांच्या किंवा चर्चच्या उत्पन्नावरचा हक्क. त्या शतकाच्या पूर्वार्धातच कमेंदांची संख्या सुमारे ४५०वर गेली होती. मोकासा म्हणा, इनाम म्हणा, जात तीच. १५७० नंतर अर्जदाराच्या रक्ताची चौकशी कडक झाली. ज्यू किंवा मुसलमान पूर्वज चालत नसे, आणि बापाने किंवा आजोबाने हातांनी धंदा केलेला असला तर तोही ‘दोष’ ठरे. हा दुसरा दोष राजाकडून माफ करून घेता येई, त्यासाठी पैसे मोजावे लागत. हिंदुस्थानातल्या चाकरीबद्दल हाबितुचं नुसतं वचन मिळे आणि ते वचन मुलीच्या हुंड्यात देता येई : जो जावई होईल, क्रूस त्याचा.

गलबतांच्या शिडांवरचा क्रूस याच संघाचा. गंमत अशी, की १४९८मध्ये कालिकतला उतरलेला कप्तान वास्को द गामा तेव्हा या संघाचा नव्हताच. तो सांतियागोच्या, म्हणजे आणखी एका लष्करी, संघाचा सरदार होता, ख्रिस्त-संघात तो जवळजवळ दशकभराने आला. उलट मलबारातला, बाप्तिस्मा घेतलेला एक सेनानी मात्र या संघाचा क्रूस मिरवत लढला, १५७१मध्ये कामी आला आणि गोव्यात सरकारी इतमामाने पुरला गेला.

आपल्या किनाऱ्याशी या पुस्तकाचा खरा संबंध मात्र शिडांचा नाही, दशमांशाचा, म्हणजे चर्चसाठी घेतल्या जाणाऱ्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा, आहे. १४५६ साली पोपने समुद्रापारच्या मुलखांतला धार्मिक अधिकार या संघाला दिला. कागदोपत्री तिथली चर्चं दूरच्या तोमारच्या अखत्यारीत गेली. १५१४मध्ये मदैरा बेटावर फुंशालचं बिशपपीठ झालं, १५३४मध्ये त्यातून गोव्याचं निघालं. १५५१ साली ख्रिस्त, आव्हिश आणि सांतियागो या तिन्ही पोर्तुगीज लष्करी संघांचं स्वामित्व कायमचं राजाच्या मुकुटाला जोडलं गेलं. म्हणून गोव्यातला दशमांश राजा गोळा करी तो संघाचा स्वामी या नात्याने, आणि पाद्र्यांचे पगारही त्यानेच द्यायचे. १६२८मध्ये हा स्वामी माद्रिदला बसत होता, कारण पोर्तुगालचा मुकुटच तेव्हा स्पेनच्या राजाकडे होता.

मिशनचं काम थेट रोमच्या हाती घेण्यासाठी पोपने १६२२मध्ये वेगळं खातं काढलं आणि चर्चवरच्या पोर्तुगालच्या राजाच्या या हक्कावरून भांडण पेटलं. त्याची झळ पुढे मुंबईला लागली. १७२०मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना हाकलून रोमच्या हुकमातल्या कार्मेलाइट पंथाच्या पाद्र्यांना आणलं. १७९४मध्ये तडजोड म्हणून बेटावरच्या चर्चांची वाटणी झाली, काही गोव्याच्या आर्चबिशपकडे, काही रोमच्या माणसाकडे. एकाच गावात दोन धर्मसत्ता, आणि शेजाऱ्याने कुणाचा पाद्री मानायचा यावरून कोर्टकज्जे. ही दुहेरी व्यवस्था मिटायला १९२८ साल उजाडलं.

पोर्तुगालात तोवर सगळंच पालटलं होतं. १७८९मध्ये राणीने लष्करी संघांचं धार्मिक स्वरूप काढून घेतलं, १८३४मध्ये मठ बंद होऊन जमिनी सरकारजमा झाल्या. १६७१ आणि १७४६मध्ये पुन्हा छापावं लागलेलं हे पुस्तक मग कुणाच्याच कामाचं उरलं नाही. १९१०च्या प्रजासत्ताकाने संघ रद्द केला आणि दशक संपायच्या आत सन्मानपदक म्हणून परत आणला. आता देशाचा राष्ट्राध्यक्ष त्याचा महास्वामी असतो. क्रूस तोच आहे, मात्र त्याच्यासोबत व्रतही नाही आणि कमेंदाही नाही.