रॉकेलचा वास

आमच्या वानवडीच्या सोसायटीत मागच्या मे महिन्यात रंगकाम चालू होतं. संध्याकाळी काम उरकलं की पेंटर पार्किंगमध्ये बसून पत्र्याच्या डब्यात रॉकेल ओतून ब्रश धुवायचे. अशाच एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे सुभेदार काका गिरणीतून दळण घेऊन आले आणि पेंटरपाशी येऊन थबकले. दळणाचा डबा खाली ठेवला, भिंतीला पाठ लावली आणि दोन-तीन मिनिटं कुणाच्या हाकेला ओ दिली नाही. कपाळावर घाम, नजर गेटकडे. मग दळण तिथेच टाकून जिना चढून गेले. पेंटरला वाटलं, उन्हाने घेरी आली.

काकांना सैन्यातून निवृत्त होऊन १४ वर्षं झाली. दिवाळीतल्या सुतळी बॉम्बला ते दचकत नाहीत, नातवाला स्वतः वात पेटवून देतात. त्यांचं वैर रॉकेलशी आहे. बर्फातल्या चौक्यांवर ऊब यावी म्हणून रॉकेलची बुखारी, म्हणजे शेगडी, जळत असते आणि अंथरुणापासून चपातीपर्यंत सगळ्याला तोच वास लागतो. तिथे एका रात्री काय घडलं ते त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे. आपण पार्किंगमध्ये उभे आहोत हे त्यांना दिसत होतं, कळतही होतं. तरी अंग चौकीवर जाऊन पोचलं. या दुखण्याला आज पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताण विकार, म्हणतात. हे कसं होतं, या प्रश्नाला नीट हात घालायला वैद्यकशास्त्राला शंभरेक वर्षं लागली, आणि त्यातली बरीच वर्षं 'हा माणूसच कच्चा' असं म्हणण्यात गेली.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर जेकब दा कोस्टा या डॉक्टरने १८७१ साली सैनिकांच्या 'चिडखोर हृदया'वर लिहिलं. छातीत दुखतं, धाप लागते, नाडी पळते, आणि तपासलं तर हृदय धडधाकट. दुखण्याला नाव पडलं ते हृदयाचं. पहिल्या महायुद्धात ते तोफगोळ्याचं पडलं. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापून आणला. गोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, अशी समजूत होती. पण ज्यांच्या आसपासही गोळा पडला नव्हता अशांची वाचा जाऊ लागली, पाय लुळे पडू लागले, आणि ती समजूत डळमळली. मग बोट पुन्हा माणसाच्या हिमतीकडे वळलं. त्या युद्धात पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच ज्या सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती थेट २००६ साली.

आपल्याकडचं काय? साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जवान त्या युद्धात कामी आले. त्यांची आठवण गाव आजही जपतं. पण जे जिवंत परतले ते रात्री झोपत होते का, हे कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

त्या काळात विल्यम रिव्हर्स हा ब्रिटिश डॉक्टर मात्र वेगळा निघाला. आधी नीलगिरीत जाऊन तोडा लोकांचा अभ्यास केलेला, आणि युद्धात एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात अधिकाऱ्यांवर उपचार करणारा. त्याच्याकडे येणाऱ्यांना डॉक्टरांनी, नातेवाइकांनी सगळ्यांनी एकच सांगितलेलं असायचं: विसरा, चांगलं काही तरी आठवा. दिवसभर ते प्रयत्नपूर्वक विसरायचे आणि रात्री तेच सगळं दुपटीने अंगावर यायचं. डिसेंबर १९१७ मध्ये रिव्हर्सने डॉक्टरांपुढे निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं, की पुष्कळदा दुखणं टिकवून धरतो तो हा विसरण्याचा आटापिटाच. आपण घरोघरी 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणतो. रिव्हर्सच्या मते, ते मिळत नाही.

का मिळत नाही, याचा एक धागा पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांपाशी सापडतो. घंटा वाजली की लाळ सुटायची, हे सगळ्यांना माहीत असतं, पुराची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९२४ साली लेनिनग्राडला पूर आला आणि प्रयोगशाळेत पाणी शिरलं. पिंजऱ्यांची दारं खाली होती, त्यामुळे छताला नाक लावून तरंगणाऱ्या कुत्र्यांना नोकरांनी आधी पाण्याखाली दाबून मग बाहेर ओढलं. सगळी वाचली. पण काहींचं महिनोन् महिने शिकवलेलं पार पुसलं गेलं. हळूहळू एक कुत्रा सावरला, शिकवलेलं पुन्हा जमू लागलं. मग एके दिवशी त्याच्या खोलीच्या दाराखालून मुद्दाम थोडं पाणी सोडलं, आणि तो परत पहिल्यासारखा झाला.

हे वाचताना मला आमची आजी आठवली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत होती. पुढे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली, तरी मोरीचं पाणी जरा तुंबलं की चप्पल न घालता जिन्यात येऊन उभी राहायची. आम्ही हसायचो.

मेंदूत काय चालतं याचं चित्र आता बरंच स्पष्ट आहे. कानशिलाच्या आत बदामाएवढा अमिग्डला असतो. धोका दिसला की आधी तो ओरडतो, विचार नंतर होतो. साप असेल-नसेल, पाय आधी उडतो, तो याच्यामुळे. त्याच्या शेजारचा हिप्पोकॅम्पस आठवणीला जागा आणि वेळ चिकटवतो: हे अमुक साली, अमुक ठिकाणी घडलं. आणि कपाळामागचा भाग अमिग्डलाला दटावतो, की गप, हा पार्किंगमधला डबा आहे. पीटीएसडीमध्ये अमिग्डला अतितत्पर होतो आणि दटावणारा भाग ढिला पडतो. आठवण राहते, तिच्यावरची तारीख पुसट होते. म्हणून ती आठवल्यासारखी येत नाही, आत्ता घडत असल्यासारखी येते.

पीटीएसडीच्या अनेक रुग्णांमध्ये हा हिप्पोकॅम्पस सरासरीपेक्षा लहान दिसतो. आघाताने तो आक्रसतो, असं पुष्कळ काळ मानलं जायचं. मग २००२ साली मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. एक भाऊ व्हिएतनामला लढून आलेला, दुसरा घरीच राहिलेला. जो सैनिक आजारी होता, त्याच्या लढाईला न गेलेल्या जुळ्या भावाचाही हिप्पोकॅम्पस लहानच निघाला! म्हणजे निदान काही जणांत ही ठेवण जन्मापासूनची असावी. याचा अर्थ 'माणूसच कच्चा' असा काढायचा मोह होतो, पण तो चुकीचा आहे. घरी राहिलेल्या भावाला आजार झालाच नव्हता.

व्हिएतनामचा उल्लेख आला, तर तेही सांगतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत १९५२ साली युद्धातल्या ताणासाठी एक नोंद होती. १९६८ च्या आवृत्तीत, नेमकी व्हिएतनाम युद्ध भरात असताना, ती गळली. त्यामुळे परतलेल्या सैनिकाच्या केसपेपरवर लिहायला नावच उरलं नाही. १९७० मध्ये न्यूयॉर्कला काही सैनिक आठवड्यातून एकदा गोल करून बसू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शाटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले, आणि पुढे दहा वर्षं खटपट करून १९८० च्या आवृत्तीत पीटीएसडी हे नाव आलं. नंतरच्या मोठ्या पाहणीत व्हिएतनामला गेलेल्या सुमारे ३१ टक्के पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झाल्याचं दिसलं. २००६ मध्ये निकष कडक करून तेच आकडे पुन्हा तपासले, तर ते १८.७ टक्क्यांवर आले. वाद खूप झाला. कमी आकडा घेतला तरी पाचातला जवळपास एक.

उपचारांची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण सैनिकांना आज जे दिलं जातं त्यातलं बरंचसं बायकांवरच्या अभ्यासातून आलंय. एडना फोआ आणि पॅट्रिशिया रेसिक या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या पद्धती आधी बलात्कार सोसलेल्या स्त्रियांबरोबर काम करताना घडवल्या. फोआंच्या पद्धतीत रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगतो: 'मी दार उघडतोय, समोर धूर आहे.' सांगितलेलं रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं. साधारण दीड-दीड तासाच्या ८ ते १५ बैठका. ऐकायला क्रूर वाटतं. पण अमिग्डलाला समजावून चालत नाही, त्याला अनुभवच द्यावा लागतो, की वास आला आणि काही झालं नाही. जुनी भीती यात पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं बसतं. म्हणून एखाद्या वाईट दिवशी जुनं परत डोकं वर काढतं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांनी हे आधीच दाखवून ठेवलं होतं.

मग घटना घडल्या घडल्याच सगळं बोलून टाकावं का? तेही करून पाहिलं. पहिल्या दिवसांतच एक लांब बैठक घेऊन सगळं ओकून घ्यायची पद्धत मध्यंतरी जोरात होती. चाचण्या घेतल्यावर फायदा दिसेना, काहींना उलट त्रासच. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वाईट स्वप्नांवर गुणकारी म्हणून गाजलं, पण २०१८ च्या मोठ्या चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. फोआ-रेसिक पद्धतींचंही तसं जपूनच बोलावं. सैनिकांवरच्या चाचण्यांचा २०१५ साली आढावा घेतला, तेव्हा अनेकांचा त्रास चांगला उतरला होता, तरी उपचारांनंतरही सुमारे दोन-तृतीयांश जण निदानाच्या कक्षेतच होते.

आमच्या पुण्यात हात-पाय गमावलेल्या जवानांसाठी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रातल्या व्हीलचेअर कुणालाही दिसतात. मनाचं तसं नाही, आणि फौजेत ते लपवायला कारणही असतं. तिथे तब्येत 'शेप' (SHAPE) या श्रेणीत मोजतात आणि त्यातला पहिला 'एस' मानसिक अवस्थेचा. 'शेप-वन', म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, गेली की बढती, नेमणूक सगळ्यावर पाणी पडेल ही धास्ती. काका म्हणाले, "गुडघा दुखतो म्हणून एमआय रूमला, म्हणजे आमच्या दवाखान्यात, शंभरदा गेलो. झोप लागत नाही म्हणून एकदाही नाही." डिसेंबर २०२३ मध्ये इथल्याच एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सैन्यदलांसाठीचा खास कक्ष सुरू झाला. तिचा १४४१६ हा नंबर फिरवायला तंबूबाहेर रांगेत उभं राहावं लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

काकांना शेवटी काकूच डॉक्टरकडे घेऊन गेल्या. बैठका अजून चालू आहेत. घरी करायचं एक साधं काम काकूंकडे आलंय: काका 'तिकडे' गेलेत असं वाटलं की त्यांना जागा आणि वार ऐकवायचा. परवा मी त्यांच्या दारात होतो. शेजारी कुणी तरी बिजागरीला रॉकेल घालत होतं आणि काकांचा हात खुर्चीवर घट्ट आवळला.

"अहो, आज गुरुवार," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "वानवडी. टाकी भरतेय, ऐकू येतंय का?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "येतंय. ओव्हरफ्लो होतेय. खाली जाऊन कुणी मोटर बंद करणार आहे का?"