रिकाम्या चौकटीत काय भरायचं?

अमेरिकेतल्या पिमा समाजातील ७६८ स्त्रियांच्या आरोग्यनोंदींचा एक तक्ता विदाविज्ञान (डेटा सायन्स) शिकणाऱ्यांच्या हाती कधी ना कधी येतोच. मधुमेहाचा अंदाज कसा बांधायचा, हे त्यावर शिकवतात. वरवर पाहता एकही चौकट रिकामी नाही. पण खालच्या रक्तदाबाच्या रकान्यावरून नजर फिरवा: ७२, ६६, ६४, ६६, ४०, ७४, ५०, ०. जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य कसा असेल? असे ३५ शून्य त्या रकान्यात आहेत, आणि इन्सुलिनच्या रकान्यात तर ३७४, म्हणजे जवळजवळ निम्मे. जे मोजलंच गेलं नाही, तिथे शून्य पडलंय. संगणक मात्र ते खरं मानून सरासरी काढतो. म्हणून माझ्या मते पहिलं काम भरण्याचं नाही, रिकाम्या जागा ओळखण्याचं आहे. कुठे त्या -९९९ असतात, कुठे नुसती आडवी रेघ.

मग सगळ्यात सोपा उपाय सुचतो, रकान्याची सरासरी भरून टाकायची. सहा नोंदी घ्या: २०, २४, रिकामी, ३०, रिकामी, २६. हाती असलेल्या चारांची सरासरी २५. दोन्ही जागी २५ लिहिलं तरी सरासरी २५च राहते, म्हणून सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. पण आकडे सरासरीपासून किती विखुरलेत हे सांगणारं प्रमाण विचलन ४.२ वरून ३.२ वर येतं. आकडे होते त्यापेक्षा एकसारखे दिसू लागतात आणि आपल्या निष्कर्षाला नसलेली खात्री चिकटते. शिवाय वय आणि वजन अशा दोन रकान्यांमधलं नातंही यामुळे पुसट होतं. त्यापेक्षा त्याच ओळीतल्या इतर माहितीचा आधार घेणं बरं: वय, उंची यांवरून वजनाचा अंदाज बांधायचा, किंवा मिळत्याजुळत्या ओळीतला आकडा उचलायचा.

पण हेही केव्हा चालेल? डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञाने १९७६ साली हा प्रश्न नीट मांडला: नोंद गहाळ का झाली? नमुन्याची बाटली हातातून निसटून फुटली, तर तो निव्वळ योगायोग. तिथे उरलेल्या नोंदींवर विसंबता येतं. वयस्कर लोकांनी एखादा प्रश्न जास्त वेळा सोडला, पण वय आपल्याकडे लिहिलेलं आहे, तर वयाच्या आधाराने अंदाज बांधता येतो. तिसरी तऱ्हा मात्र अवघड. ज्यांचं उत्पन्न फार मोठं, तेच उत्पन्नाची चौकट कोरी सोडतात. ५० अंशांच्या वर तापमापक बंद पडतो, म्हणजे नेमक्या सर्वात तप्त दिवसांच्याच नोंदी जातात. इथे आकडा गहाळ होण्याचं कारण तो आकडाच असतो. उरलेल्या नोंदींतून काढलेला कोणताही अंदाज कमीच भरणार, आणि हे नुसता रकाना पाहून कळत नाही. मोजणी कशी झाली, हे मोजणाऱ्यालाच विचारावं लागतं.

रुबिन यांनीच पुढे सुचवलेली एक पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. रिकाम्या जागी एकच आकडा न ठेवता, शक्य असलेल्या आकड्यांतून निवडून तक्ता अनेकदा भरायचा, समजा वीस वेळा. प्रत्येक तक्त्यावर तेच गणित करायचं आणि वीस उत्तरं एकत्र करायची. ती जवळजवळ आली, तर गहाळ नोंदींनी फारसं बिघडवलेलं नाही. फाकली, तर अंतिम उत्तर किती चुकू शकतं याच्या अंदाजात तेवढी अनिश्चितता धरली जाते.

आणि भरताना शेजारी आणखी एक रकाना ठेवावा: आकडा मोजलेला असेल तर ०, भरलेला असेल तर १.