गणित समृद्धीकरण प्रकल्प (इयत्ता पहिली ते तिसरी)

ज्या मुलांची गणिताची समज इयत्तेच्या अपेक्षेपुढे गेलेली असते, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकाबाहेर योजलेले, काही दिवस ते काही आठवडे चालणारे शोधकार्य. पुढच्या वर्गाचा अभ्यासक्रम आधीच शिकवणे म्हणजे गतिवर्धन. समृद्धीकरणात संख्या लहानच राहतात, प्रश्न मात्र खोल जातो. गतिवर्धनाची बाजू ज्युलियन स्टॅन्ली यांच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील १९७१ पासूनच्या कामात, तर समृद्धीकरणाची जोसेफ रेन्झुली यांच्या १९७७ मधील त्रिविध मांडणीत (विषयांची ओळख, कौशल्यांचा सराव आणि मुलाचा स्वतःचा शोध असे तीन प्रकार) दिसते. स्टॅन्ली यांचा अभ्यासगट मुख्यत्वे बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा असल्याने सहा ते आठ वर्षांच्या वयोगटास रेन्झुली यांची मांडणी अधिक लागू पडते. भारताच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) गणित मंडळांचा (आवडीने गणित करणाऱ्या मुलांचे गट, ‘मॅथ सर्कल’) उल्लेख केला आहे.

ठाणे परिसरात अशा प्रकल्पांना उत्तम सामग्री द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या संख्याशोधांत मिळते. डहाणू (तेव्हा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर) येथे जन्मलेल्या कापरेकरांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले व पुढे ते देवळालीत शाळाशिक्षक होते. १, १२१, १२३२१ अशा रूपांमुळे परिचित असलेल्या ‘डेम्लो संख्यां’ची कल्पना त्यांना जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरील, मुंबईपासून तीस मैलांवरच्या डेम्लो स्थानकावर सुचली, असे सांगितले जाते. हे स्थानक म्हणजे आजची डोंबिवली, असे सामान्यतः मानतात. मुंबई–डोंबिवली लोहमार्गाचे अंतर सुमारे ४८ किमी., म्हणजे जवळजवळ तीस मैलच भरते. त्यामुळे हे मत ग्राह्य वाटते. तिसरीतील मूल ११×११, १११×१११ हे गुणाकार उभ्या मांडणीत करत पुढे जाते. दहा वेळा १ लिहिलेल्या संख्येपाशी मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि नमुना मोडतो. तो का मोडला, हे मुलाने आपल्या शब्दांत सांगणे हा प्रकल्पाचा गाभा आहे.

संख्येतील अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करायची आणि उत्तरावर हीच कृती पुन्हा पुन्हा करायची; शेवटी जी एकच संख्या येत राहते, ती स्थिरांक. कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांक (सुमारे १९४९) चार अंकांचा असल्याने या वयाला जड जातो. तीन अंकांसाठीचा ४९५ अधिक सोयीचा. ३५२ घेतल्यास ५३२–२३५=२९७, ९७२–२७९=६९३, ९६३–३६९=५९४, ९५४–४५९=४९५. तिन्ही अंक सारखे नसलेली कोणतीही संख्या येथेच पोचते. प्रत्येक वजाबाकीत मधला अंक ९ येतो व कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ होते (०९९ आल्यास शून्य टिकवावे लागते). हे निरीक्षण मुलांना सहसा सांगावे लागत नाही.

स्थानिक विषयांत ठाणे–वाशी लोहमार्ग सोयीचा आहे. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे व सानपाडा धरून त्यावर नऊ स्थानके येतात. कोणत्याही दोन स्थानकांच्या जोड्या ८+७+६+५+४+३+२+१, म्हणजे ३६ होतात. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव सुरू होण्यापूर्वी त्या २८ होत्या; एका नव्या स्थानकाने नेमक्या आठच जोड्या का वाढल्या, हा पुढचा प्रश्न मुलांपुढे ठेवतात.