कागदी पिशवीवर उतरलेली ताऱ्यांची रात्र

१९७० सालच्या शरदात डॉन मॅक्लीन नावाचा पंचविशीतला अमेरिकन गायक शाळांच्या वर्गांतून गिटार वाजवत, मुलांना गाणी ऐकवत फिरत होता. तीच त्याची नोकरी. एका सकाळी व्हरांड्यात बसून तो व्हॅन गॉग या डच चित्रकाराचं चरित्र वाचत होता आणि वाचता वाचता त्याच्या मनानं घेतलं, की हा माणूस वेडा नव्हता, आजारी होता, आणि हे सांगणारं गाणं झालंच पाहिजे. त्यानं व्हॅन गॉगच्या ‘द स्टारी नाइट’, म्हणजे ‘ताऱ्यांची रात्र’, या चित्राची छापील प्रत समोर ठेवली आणि एका कागदी पिशवीवर शब्द लिहून काढले. ‘व्हिन्सेंट’ हे गाणं १९७१ मध्ये त्याच्या ‘अमेरिकन पाय’ या अल्बममध्ये आलं. १९७२ च्या जूनमध्ये ते ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

गाण्याला आडनाव नाही, नुसतं ‘व्हिन्सेंट’, आणि ते अगदी योग्य आहे. आपण मराठीत व्हॅन गॉग लिहितो. डच उच्चार ‘फान खॉख’च्या जवळ जातो. फ्रान्समधल्या लोकांना तो जमेना, म्हणून १८८८ मध्ये त्यानं आपल्या भावाला, थिओला कळवलं होतं, की प्रदर्शनाच्या यादीत माझं नाव मी चित्रावर सही करतो तसं, व्हिन्सेंट एवढंच घाला. ज्या नावानं त्याला ओळखलं जायला हवं होतं, त्याच नावानं हे गाणं त्याला हाक मारतं.

चित्रावरून गाणं सुचलं असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. चित्र समोर होतं हे खरं, पण ठिणगी पडली ती पुस्तकातून, आणि व्हॅन गॉगचं कुठलंही चरित्र घ्या, ते उभं असतं त्याच्या पत्रांवर. थिओला त्यानं लिहिलेली साडेसहाशेच्या आसपास पत्रं आज उपलब्ध आहेत. रंगांच्या ट्यूबची मागणी, उधारी, जेवणाचे हाल, वाचलेली पुस्तकं, शेतातला उजेड, सगळं त्यांत आहे. १८८८ च्या जुलैत तो लिहितो, की नकाशावरच्या गावांचे ठिपके पाहून जसं मन भटकायला लागतं, तसंच तारे पाहूनही होतं. तारास्कों या फ्रान्समधल्या गावाला जायला आपण आगगाडी पकडतो, तसं ताऱ्यावर जायला मरण पकडतो. असं लिहिणाऱ्याचं आयुष्य एखाद्या गीतकाराच्या हाती लागलं, तर तो गप्प बसेल कसा?

आता ते चित्र. ८ मे १८८९ रोजी व्हिन्सेंट आपणहून दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. आदल्या डिसेंबरात जवळच्याच आर्ल शहरात कान कापून घेण्याचा प्रकार घडून गेला होता. त्याच्या खोलीची खिडकी पूर्वेकडे उघडत असे, तिला गज होते. सूर्योदयाच्या खूप आधी या खिडकीतून शुक्रतारा फार मोठा दिसला, असं त्यानं थिओला कळवलं. चित्र मात्र खोलीत काढलं नाही. खालच्या मजल्यावर काम करायला वेगळी खोली मिळाली होती, तिथं दिवसाउजेडी, आठवणीतून ते रंगवलं. गज गाळले, चर्चसह गाव मनानं घातलं. रंगाचे थर इतके जाड, की आकाशातले भोवरे बोटाला लागतील असे वाटतात. ही जून महिन्यातली गोष्ट. आजाराचा पुढचा झटका आला तो जुलैच्या मध्यावर. म्हणजे वेडाच्या भरात काढलेलं चित्र म्हणून जे दाखवलं जातं, ते दोन झटक्यांमधल्या शांत काळात, विचारपूर्वक केलेलं काम आहे. तिथल्या डॉक्टरांनी अपस्माराचं निदान केलं होतं. पुढच्या काळात निदानं बदलत गेली, पण आजार वेगळा आणि चित्रकाराची बुद्धी वेगळी, हा मॅक्लीनचा मुद्दा इथे पक्का होतो.

गंमत म्हणजे स्वतः व्हिन्सेंटला हे चित्र फसल्यासारखं वाटत होतं. थिओलाही ते फारसं रुचलं नव्हतं.

गाण्यात सूर्यफुलं येतात, पिवळी शेतं येतात, कष्टानं सुरकुतलेले चेहरे येतात. एकेका ओळीत एकेक कॅनव्हास. गिटार हळू, सूर खाली, जणू शेजारी बसलेल्याशी बोलणं चाललंय. पण दोन जागी गाणं इतिहासापासून दूर जातं. त्यात मरण ताऱ्यांच्या रात्रीला जोडलं आहे. प्रत्यक्षात चित्र आणि मृत्यू यांत तेरा महिन्यांचं अंतर आहे: पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी त्यानं २७ जुलै १८९० रोजी स्वतःवर गोळी झाडली आणि २९ तारखेच्या पहाटेआधी तो गेला, वयाच्या ३७ व्या वर्षी. दुसरं, त्याचं कुणीच ऐकलं नाही हा सूर. १८९० च्या जानेवारीत आल्बेर ओरिए या समीक्षकानं त्याच्यावर भरभरून लेख लिहिला होता, ब्रसेल्सच्या प्रदर्शनात आना बॉख या चित्रकर्तीनं ४०० फ्रँकला त्याचं ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र विकत घेतलं होतं. आणि थिओ तर आयुष्यभर ऐकतच होता. पहिली मोकळीक गाण्याला हवीच होती, दुसरी मला खटकते, कारण तिच्यात थिओ झाकला जातो.

आणि थिओची बायको तर गाण्यात कुठेच नाही. योहाना, म्हणजे यो. लग्न एप्रिल १८८९ चं, मुलगा जानेवारी १८९० चा. त्याच्यासाठी काकानं निळ्या आभाळावर बदामाचा बहर रंगवला. व्हिन्सेंटनंतर सहा महिन्यांत थिओ गेला. २८ वर्षांची यो, कडेवर वर्षाचं पोर आणि घरभर कुणाला नको असलेली चित्रं. ती हॉलंडला परतली, बुसुम गावात लोकांना खोल्या देऊन, जेवणखाण करून घर चालवू लागली. चित्रं भिंतींवर लावली आणि रात्री पत्रं वाचायला घेतली. बऱ्याच पत्रांवर तारखाच नव्हत्या, क्रम लावण्यात वर्षं गेली. १९०५ मध्ये ॲमस्टरडॅमला तिनं चारशेहून अधिक कामांचं मोठं प्रदर्शन भरवलं. पत्रांचे तीन खंड १९१४ मध्ये छापले. त्याच वर्षी थिओच्या अस्थी ओव्हेरला नेऊन व्हिन्सेंटच्या शेजारी पुरल्या.

पुढे काही वर्षं ती न्यूयॉर्कला मुलाकडे राहिली आणि तिथं तिनं पत्रांचं इंग्रजी भाषांतर हाती घेतलं. १९२५ मध्ये ती गेली तेव्हाही ते काम चालूच होतं. ‘द स्टारी नाइट’ १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये आलं. मॅक्लीन जन्मला १९४५ मध्ये, त्याच शहराजवळच्या न्यू रोशेलला.