एका फेऱ्यात किती झुक?

वाफेच्या इंजिनाचा व्हिडिओ कुणी पाठवला की त्याखालची ओळ ठरलेली असते: 'जगातलं सर्वात जुनं इंजिन!' ते कुठल्या जातीचं, कुठल्या सालचं, ही चौकशी कुणी करत नाही. दुसरा लाडका समज म्हणजे ही इंजिनं 'पाण्यावर चालायची'. मग त्याच्याच आधाराने पाण्यावर पळणाऱ्या मोटारींच्या बाता सुरू होतात. पाणी इथे फक्त हमाल आहे. ऊर्जा कोळशाची, पाणी ती भट्टीपासून दट्ट्यापर्यंत (पिस्टनपर्यंत) वाहून नेतं, एवढंच.

इंजिन ओळखण्याची रूढ रीत म्हणजे चाकं मोजणं: पुढची आधाराची, मधली मोठी, जोर लावणारी, आणि मागची पुन्हा आधाराची. ४-६-२ म्हणजे 'पॅसिफिक'. जर्मनीत चाकांऐवजी आस मोजतात, आणि मधल्या आसांसाठी अक्षर वापरतात (सी म्हणजे तीन), म्हणून तेच इंजिन तिकडे '२-सी-१' होतं. भारतातलं 'डब्ल्यूपी' याच घडणीचं. डब्ल्यू ब्रॉडगेजचा आणि पी पॅसेंजरचा. पहिलं अक्षर वाय असेल तर मीटरगेज.

नंबराच्या पाटीवर मात्र विसंबू नये. १९२३ साली १४७२ नंबर घेऊन बाहेर पडलेलं इंग्लंडचं प्रसिद्ध इंजिन 'फ्लाइंग स्कॉट्समन' पुढे ४४७२ झालं, मग १०३, मग ६०१०३. मधल्या काळात ते ए१ वर्गातून ए३ वर्गातही गेलं.

माझी आवडती खूण वेगळी आहे. डोळे मिटायचे आणि 'झुकझुक'मधल्या झुक मोजायच्या.

साध्या इंजिनाला दोन अंगांना दोन सिलिंडर असतात. दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाफ येते, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात प्रत्येक सिलिंडर दोनदा वापरलेली वाफ बाहेर फेकतो. दोन सिलिंडर, चार झुक. पण त्या सारख्या अंतराने का ऐकू येतात? सायकलचं पेडल अगदी खाली असताना त्यावर उभं राहिलं तरी सायकल हलत नाही. दट्ट्या टोकाला असताना क्रँकची, म्हणजे दट्ट्याच्या पुढेमागे सरकण्याने चाक फिरवणाऱ्या भागाची, तीच गत होते. दोन्ही दट्टे एकदमच टोकाला पोचत असते, तर त्या स्थितीत थांबलेलं इंजिन पुन्हा निघालंच नसतं. म्हणून डावी आणि उजवी क्रँक एकमेकींशी काटकोनात बसवतात. एक बाजू अडली की दुसरी पूर्ण जोरात असते. याच काटकोनामुळे फेऱ्याचे चार सारखे भाग पडतात आणि प्रत्येक भागाला एक झुक मिळते.

'फ्लाइंग स्कॉट्समन'ला तीन सिलिंडर आहेत, क्रँक साधारण १२० अंशांवर, म्हणून सहा झुक. त्यातल्या मधल्या सिलिंडरची, वाफ आत-बाहेर सोडणारी झडप बाहेरच्या दोन झडपांच्या हालचालीतून, तरफांनी चालते. त्या तरफांचे सांधे झिजले की ताल लंगडतो, आणि कानाला आधी कळतं की कारखान्यात न्यायची वेळ झाली. इंग्लंडच्या 'लॉर्ड नेल्सन' वर्गात चार सिलिंडरच्या क्रँक मुद्दाम अशा बसवल्या होत्या की फेऱ्याला आठ झुक याव्यात. एरवी बहुतेक चार सिलिंडरी इंजिनं चारच झुक देतात, कारण त्यांच्या झुका जोडीजोडीने एकत्र पडतात.

थोडं गणित करू. डब्ल्यूपीचं मोठं चाक सुमारे १.७० मीटर व्यासाचं, म्हणजे परीघ साधारण ५.३५ मीटर. दर १.३४ मीटरला एक झुक. ताशी ४८ किलोमीटरला सेकंदाला दहा झुक! त्यापुढे कान मोजणं सोडून देतो.

आणि झुक म्हणजे नुसता आवाज नव्हे. वापरलेली वाफ धुराड्याखालच्या अरुंद तोंडातून जोरात सुटते आणि जाताना भट्टीतला धूर ओढून नेते. त्या जागी जाळीतून ताजी हवा शिरते. चढावर इंजिन जितकं जास्त ओढेल, तितका वाफेचा झोत मोठा, तितकी भट्टी फुलते आणि तितकी वाफ वाढते. नियंत्रणाचं वेगळं यंत्र नाही; दमणाऱ्या इंजिनाचा श्वासच त्याला पुरवठा करतो. मला तरी याहून देखणी यंत्ररचना ठाऊक नाही.

चौथऱ्यावर मांडलेलं इंजिन मुकं असतं, तरी क्रँकचा काटकोन दोन्ही बाजूंनी फिरून पाहता येतो. अशा इंजिनाचा खरा शत्रू धुराड्याखालच्या पेटीत राहिलेली राख. तिच्यात गंधकाची संयुगं असतात. पावसाचं पाणी मिळालं की आम्ल होतं आणि पेटीचा तळ आतून खातं. बाहेरून चकचकीत काळा रंग, आत चाळण. राख काढणं, धुराड्यावर झाकण घालणं, पाणी निघायला वाट ठेवणं आणि सांध्यांना ग्रीस लावणं यात खर्च फारसा नाही. तरी पैसे रंगावरच जातात.

चालू ठेवावं म्हटलं, तर भाग बदलावेच लागतात. मग अस्सल काय उरलं? १८२९ साली इंग्लंडमधली इंजिनांची शर्यत जिंकणाऱ्या 'रॉकेट' इंजिनाचे तिरके सिलिंडर काही वर्षांतच जवळजवळ आडवे बसवले गेले. संग्रहालयात आहे ते हे बदललेलं रॉकेट, आणि शर्यत जिंकतानाचं रूप पाहायला प्रतिकृतीच गाठावी लागते. कारखान्यांत तर इंजिनांचे बॉयलर आणि चाकं फिरवणारे दांडे सर्रास अदलाबदल होत. त्यामुळे दांड्यावर ठोकलेला नंबर पाटीवरच्या नंबराशी जुळेलच असं नाही. तो न जुळणारा नंबरच त्या इंजिनाचा इतिहास सांगतो. रंगाचा जाड थर चढवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवायला पाच मिनिटं पुरतात.