द्राक्षबागेतली उघडी जमीन

दोन ओळींमध्ये गवताची काडी दिसत नसली की बागायतदाराच्या मेहनतीचं कौतुक होतं. माझ्या मते मात्र ही लख्ख जमीन बागेला महागात पडते.

नाशिक भागातल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. उघड्यावर पावसाचा थेंब जोरात आपटला की मातीचे कण सुटे होतात, वरची छिद्रं बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. त्यात फवारणी थांबवता येत नाही, म्हणून वाफसा यायच्या, म्हणजे माती पुरेशी सुकायच्या, आतच ट्रॅक्टर त्याच चाकोरीतून पुन्हा पुन्हा फिरतो. चाकोरीत फूटभर खणून पाहा. खाली मातीचे चपटे, कडक पापुद्रे लागतात आणि पांढरी मुळी त्यांच्यात शिरायला धजत नाही. रोटाव्हेटरनं वरची माती भुसभुशीत दिसते, पण पात्यांखालचा थर दर खेपेला आणखी घट्ट होतो.

मग गवत वाढू द्यायचं का? युरोपातल्या कितीतरी बागांमध्ये ते मुद्दाम राखतात. पण भूमध्य समुद्राभोवती पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, तेव्हा वेलीवर पानच नसतं. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे जुन्या काड्या छाटून नवी फूट घेतल्यावर, वेल पानांनी भरते आणि नेमका त्यावरच पावसाळा येतो. उंच गवतानं मांडवाखाली दमटपणा कोंडला की डावणी या रोगाचं फावतं. हरळी किंवा लव्हाळा बोदात, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यात, शिरला, तर काढता काढता पुरेवाट होते.

म्हणून मला ताग हे हिरवळीच्या खताचं पीक पटतं. ताग जूनच्या पावसावर पेरायचा आणि दीडेक महिन्यानं, फुलावर येताना, जमिनीत गाडायचा. एखादं रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी निघाली, तर तिथले जिवाणू हवेतलं नत्र बांधताहेत. गाडायला उशीर झाला की खोड चिवट होतं, ते कुजवताना सूक्ष्मजीव जमिनीतलंच नत्र उचलतात आणि गोडी छाटणीनंतरच्या, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीनंतरच्या, फुटीला ते कमी पडतं. फार लवकर नत्र सुटणंही बरं नाही. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यांमध्ये घडनिर्मिती होते, त्या दिवसांत नत्र जास्त झालं तर वेल नुसती शेंड्याकडे पळते. जूनमध्ये पेरलेल्या तागाचं नत्र हा काळ उलटून गेल्यावर मिळतं.

एप्रिल-मेच्या उन्हात बोदावर उसाचं पाचट अंथरा. ठिबकचं पाणी उडून जात नाही, मुळीजवळची माती तापत नाही आणि तणही दबतं. फक्त खोडाला पाचट टेकू देऊ नका.

तणनाशक वापरलंच, तर ते वेलीच्या हिरव्या फुटीवर जाऊ देऊ नका. शेजारच्या उसात किंवा ज्वारीत २,४-डी हे तणनाशक मारणार असतील, तर आधीच बोलून ठेवा. वाऱ्यावर आलेला त्याचा अंशसुद्धा द्राक्षाला सोसत नाही. कोवळी पानं मिटलेल्या पंख्यासारखी आक्रसतात.