गतिप्रथिने (सूक्ष्मनलिकांवरील)

पेशीतील पुटिका (सूक्ष्म पिशव्या), तंतुकणिका, गुणसूत्रे असा माल सूक्ष्मनलिका या प्रथिनांच्या बारीक पोकळ नळ्यांवरून हलविणारी प्रथिने. त्यांना लागणारी ऊर्जा एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या विघटनातून मिळते. कायनेसिन व डायनिन ही त्यांची दोन कुले. मायोसिन हे गतिप्रथिन ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंवर चालते, म्हणून त्याचा उल्लेख येथे तुलनेपुरताच केला आहे.

सूक्ष्मनलिकेचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर असतो. आल्फा व बीटा ट्यूब्युलिन या प्रथिनांच्या जोड्या तिच्यात एकाच रोखाने रचलेल्या असतात, त्यामुळे तिची दोन्ही टोके सारखी नसतात. जलद वाढणारे ते धन टोक, दुसरे ऋण. बहुतेक कायनेसिने धन टोकाकडे जातात, तर डायनिन ऋण टोकाकडे. सातपुड्यात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातील कोल्चिसीन हे विषारी द्रव्य ट्यूब्युलिनला चिकटून नलिकांची बांधणी रोखते. वाटच मोडली की वाहतूकही थांबते.

डायनिन हे नाव इयान गिबन्स व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या पक्ष्माभिकांतील (केसांसारख्या हलणाऱ्या उपांगांतील) प्रथिनाला दिले. पेशीद्रवात मालवाहतूक करणाऱ्या डायनिनची ओळख पटायला १९८७ च्या सुमारास उजाडले. कायनेसिनचा शोध सामान्यतः १९८५ चा मानतात. म्हाकुळाच्या जाड अक्षतंतूवर (चेतापेशीच्या लांब शाखेवर) काम करणारे रोनाल्ड वेल, टॉमस रीझ व मायकेल शीट्झ यांना त्याचे श्रेय दिले जाते. मात्र स्कॉट ब्रेडी यांनीही त्याच वर्षी कोंबडीच्या पिलांच्या मेंदूतून अशाच गुणधर्मांचे प्रथिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले होते. श्रेयाची वाटणी करताना ते वगळणे योग्य नव्हे.

चालीचा वाद : कायनेसिनच्या रेणूला दोन शीर्षे असतात. नाव शीर्ष असले तरी काम पायाचे. प्रकाशीय चिमट्याने (सूक्ष्म कण लेसर किरणात पकडणाऱ्या साधनाने) १९९३ मध्ये त्याचे पाऊल ८ नॅनोमीटरचे असल्याचे मोजले गेले. ट्यूब्युलिनच्या एका जोडीची लांबीही तेवढीच आहे. एका पावलाला एक एटीपी खर्ची पडते. पण पाऊल टाकले जाते कसे, यावर मतभेद होते. एका मताने मागचे शीर्ष पुढच्याला ओलांडून जाते, म्हणजे चाल माणसासारखी. दुसऱ्या मताने पुढचे शीर्ष कायम पुढेच राहते आणि मागचे त्याच्यापर्यंत ओढले जाते. खानदेशातील शेतकऱ्याला ही चाल उंटअळीवरून लगेच समजेल. शीर्षे आलटून पालटून हुबेहूब सारखीच पावले टाकत असतील, तर रेणूच्या दांड्याला दर पावलागणिक अर्धा वळसा बसायला हवा. तसा वळसा २००२ च्या प्रयोगात आढळला नाही, आणि उंटअळीच्या मताला बळ मिळाले. पुढे २००४ मध्ये अहमत यिल्दिझ व सहकाऱ्यांनी एकाच शीर्षाला प्रकाशमान रंगकण जोडून पाहिला. उंटअळीची चाल असती तर तो दर पावलाला ८ नॅनोमीटर सरकला असता. प्रत्यक्षात तो एका पावलाला सुमारे १७ नॅनोमीटर सरके आणि पुढच्याला जागीच राही. पहिले मत आता बहुमान्य आहे. वळशाची अडचणही दूर झाली आहे, कारण ही चाल दोन्ही पायांवर सारखी पडत नसावी, किंचित लंगडी असावी, असे २००३ च्या मोजणीवरून दिसते.

ॲनिमेशनमध्ये दिसणारा, डोक्यावर बोजा घेऊन संथ चालणारा हमाल फसवा आहे. भोवतालच्या रेणूंचे धक्के शीर्षाला अखंड बसत असतात. एटीपी बांधले गेले की पुढच्या शीर्षाची मानपट्टी (शीर्षाला दांड्याशी जोडणारा लवचीक भाग) पुढे चिकटते, आणि मोकळ्या झालेल्या मागच्या शीर्षाची धडपड पुढच्या बाजूस अडकते.

डायनिन आकाराने बरेच मोठे असून सहा घटकांच्या कड्याभोवती रचलेले असते. त्याची पावले अनियमित. ते बाजूला व मागेही सरकते. ओझे वाढले की ते पाऊल आखडते, गाडीचा गिअर बदलावा तसे, असे निरीक्षण रूप मल्लिक व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडले.

कापसातील उदाहरण : फूल गळून पंधरवडा झालेले हिरवे बोंड विळ्याने चिरले, तर कप्प्यांत कोवळ्या सरकीभोवती ओला, चकाकणारा पांढरा लगदा दिसतो. तो तंतूंचा असतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कपाशीचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी असते. तिची लांबी अडीच-तीन सेंटिमीटर भरते, जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून अधिक नसते. भित्तिकेत सेल्युलोजचे धागे कोणत्या दिशेने बसावेत, हे सूक्ष्मनलिकांच्या मांडणीवर ठरते. सपुष्प वनस्पतींत डायनिन नसते. ऋण टोकाकडची वाहतूक काही उलट्या दिशेची कायनेसिने करतात. त्यांपैकी कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम बांधणाऱ्या प्रथिनाशी बांधले जाणारे एक कापसाच्या तंतूतही आढळले आहे. अर्थात वनस्पतिपेशीत लांबचा माल मुख्यतः ॲक्टिन व मायोसिनच वाहतात.